दोरीचं टोक किती बारीक असावं?

भुईगावात उभं राहून मासेमारीवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. हे गाव मुळात वाडीचं. केळी, भाजीपाला, फुलं, विहिरी हा इथला संसार. किनारा आहे, सुरूची झाडं आहेत, पण डोलीचा धंदा करणारी माणसं जास्त करून पाचूबंदरला, नायगावला, अर्नाळ्याला. त्यांच्यातली काही मंडळी आज समोर बसली आहेत असं दिसतं. आमचं कुठे चुकलं तर त्यांनी पोटात घालू नये, शेवटी उभं राहून सांगावं.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. आमचा एक भाचा कॅनडात असतो. तिथे नदीवर जाऊन ‘फ्लाय फिशिंग’ करायचं त्याच्या मनात आलं. दुकानात गेला तर भिंतभर डबे, प्रत्येकात एक दोरी, प्रत्येकीचा निमुळतेपणा वेगळा. त्याला ते ‘टेपर’ म्हणतात. रात्री फोन आला, ‘मामा, डबल टेपर घेऊ की वेट फॉरवर्ड?’ आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. माणसाने निवड कशी करावी हा त्यातला जुनाच प्रश्न, पण दोरीची निवड आम्हाला कुणी विचारली नव्हती. म्हटलं, दोन दिवस दे. त्या दोन दिवसांचे पुढे काही महिने झाले. कारण दोरीच्या मागे पाचशे वर्षांचा इतिहास निघाला, आणि तो वाचता वाचता आम्ही फिरून आपल्याच किनाऱ्यावर, डोल जाळ्याच्या शेपटाशी येऊन उभे राहिलो. आज तेवढीच वाट तुमच्याबरोबर चालायची आहे.

पहिल्यांदा गोष्ट काय आहे ती समजून घेऊ. आपण गळ टाकतो तेव्हा दोरीला शिसं बांधतो. शिसं लांब जातं आणि दोरीला ओढत नेतं. पाग टाकतो तेव्हाही तसंच. पागेच्या घेराला शिशाच्या गोळ्या असतात, हाताला पीळ देऊन सोडली की घेर उघडतो आणि जाळं पाण्यावर पसरतं. दोन्हीकडे वजन टोकाला किंवा कडेला, आणि दोरी त्याच्या मागे.

फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं. टोकाला असते पिसांची आणि धाग्यांची केलेली नकली माशी. तिला वजन जवळजवळ नाहीच. ती फेकायला गेलात तर पायाशी पडेल. म्हणून फेकायची असते ती दोरी. दोरीच वजनदार करायची, काठीने तिला मागे-पुढे झुलवायचं, आणि दोरी उलगडत गेली की तिच्या टोकाला बांधलेली माशी आपोआप पुढे जाऊन अलगद पाण्यावर टेकते. मासा फसतो तो त्या अलगदपणाला. धपकन काही पडलं की मासा पसार.

आता दोरी वजनदारही हवी आणि तिचं टोक अलगदही पडायला हवं, हे कसं जमायचं? उत्तर आपल्याकडे पोतराजाच्या हातात आहे. कडकलक्ष्मीचा तो आसूड लहानपणी सगळ्यांनी पाहिला आहे. मुठीशी जाड, पुढे बारीक होत होत शेवटी नुसता धागा. मुठीला दिलेला झटका जाड भागातून बारीक भागाकडे सरकतो. पुढे पुढे हलवायचं वस्तुमान कमी होत जातं, म्हणून वेग वाढत जातो, आणि अगदी टोक आवाजापेक्षाही वेगाने जातं. तो जो फट्कन आवाज येतो तो अंगावर बसलेल्या फटक्याचा नव्हे, हवेत टोकाने केलेला. फ्लाय लाइन म्हणजे असाच आसूड, पण न वाजणारा. घाई करून तो वाजवलात तर माशी तुटून मागच्या झुडपात जाते. बारीक टोकाला हवेचा अडसर जास्त जाणवतो, त्यात वेग जिरतो, आणि दोरी शेवटचा हात लांब करून थांबते. म्हणजे निमुळतेपणाचं सगळं शास्त्र एका प्रश्नात येतं: हाताने दिलेला जोर दोरीत कुठे साठवायचा आणि कुठे खर्चून टाकायचा? टेपर निवडणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर निवडणं.

आता इतिहास. नकली माशीने मासे धरण्याचा जुना उल्लेख एलियन या रोमन लेखकाचा, इसवी सनाच्या २००च्या आसपासचा. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात असं तो सांगतो. काठी सहा फूट आणि दोरीही तेवढीच. एवढ्या आखूड दोरीला फेकायचा प्रश्नच नव्हता, नुसती पुढे धरायची.

पुढे १४९६ साली इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचा एक प्रबंध छापून निघाला. जुलियाना बर्नर्स नावाच्या एका बाईंना त्याचं श्रेय परंपरेने दिलं जातं, त्याला भक्कम पुरावा मात्र नाही. त्यात दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. आपल्याकडे वाख किंवा काथ्या वळतात तसे केस पीळ देऊन वळायचे, आणि माशाप्रमाणे केस मोजायचे. अगदी बारक्या माशाला एक केस, मोठ्या ट्राउटला बारा, सामन माशाला पंधरा. म्हणजे दोरीचं माप होतं केसांची संख्या. हे माप चांगलं होतं. कोणालाही मोजता यायचं, आणि केस साधारण सारखेच असल्याने जाडी, वजन, ताकद तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात यायच्या.

खरा टेपर नीट लिहून ठेवला तो चार्ल्स कॉटनने. आयझॅक वॉल्टनचं मासेमारीवरचं प्रसिद्ध पुस्तक १६५३चं. त्याच्या १६७६च्या आवृत्तीला कॉटनने दुसरा भाग जोडला, खास माशीच्या मासेमारीवर. घोड्याचा केस असतो हात-दीड हात लांब, म्हणून दोरी तुकड्यातुकड्यांची, गाठी मारत केलेली. कॉटन सांगतो, गळाजवळचे दोन तुकडे दोन केसांचे घ्या, त्यावरचे तीन तुकडे तीन केसांचे, त्यावरचे तीन चार केसांचे, मग पाच, सहा, सात, असं करत काठीच्या टोकापर्यंत जा. त्याचा फायदाही तो सांगतो: हातापासून गळापर्यंत सगळंच निमुळतं होतं आणि दोरी सरळ पडते. पदार्थविज्ञानाचं एकही समीकरण हाताशी नसताना, नदीकाठी वर्षानुवर्षं उभं राहून माणसाने हे ओळखलं होतं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे. कॉटनचा टेपर गाठीगाठीने, मोजून कमी करत आणलेला आहे. आपल्याकडे जाळं विणणारा माणूस नेमकं हेच करतो.

कॉटनच्या काळी दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली असायची. पुढे काठीला कड्या आल्या, रीळ आलं, आणि दोरी कड्यांतून आत-बाहेर करू लागली. तशी गाठी अडायला लागल्या. मग केसांत रेशीम मिसळून दोरी विणली, आणि एकोणिसाव्या शतकात केस गेले, निव्वळ रेशीम राहिलं. विणलेल्या रेशमाला जवसाच्या तेलाचा लेप द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा लेप द्यायचा. हे काम आठवडेच्या आठवडे चाले. अशी दोरी जड, गुळगुळीत आणि देखणी. तिला निमुळतं करायचं तर विणतानाच धागे कमी-जास्त करायचे. फ्रेडरिक हॅल्फर्ड हा इंग्लंडातला माशीच्या मासेमारीचा मोठा पंडित. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीवरचं त्याचं पुस्तक १८८६चं. त्या पंथाला अशी वजनदार, निमुळती रेशमी दोरी लागायची, कारण तरंगती माशी हळूच ठेवायची आणि तीही वाऱ्यात.

याच काळात ‘डबल टेपर’ रूढ झाला. दोरी मध्ये जाड, दोन्ही टोकांना सारखीच बारीक. एक टोक झिजलं की दोरी उलटी गुंडाळायची, दुसरं टोक नवं कोरं. आपल्या घरात जुन्या काळी चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, कडा मध्ये आणून शिवायची आणि पुन्हा वापरायची. तोच हिशोब.

रेशमाबरोबर माप बदललं. आता केस कोण मोजणार? मग दोरीची जाडी मोजू लागले आणि तिला अक्षरं दिली. ‘ए’ म्हणजे ०.०६० इंच, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला ०.००५ इंच कमी. म्हणजे ‘डी’ ०.०४५, ‘एच’ ०.०२५. डब्यावर ‘एच डी एच’ लिहिलं असेल तर समजायचं की टोक बारीक, पोट जाड, पुन्हा टोक बारीक, म्हणजे डबल टेपर. ‘जी बी एफ’ असेल तर पुढचं टोक बारीक, लगेच जाड पोट, आणि मागे एकसारखी पातळ दोरी. हा झाला ‘वेट फॉरवर्ड’, वजन पुढे आणलेला. अमेरिकेत १९३०च्या दशकात लांब फेकीच्या स्पर्धांमधून मार्विन हेज वगैरे मंडळींनी तो पुढे आणला. पोटाचं वजन एकदा हवेत गेलं की मागची पातळ दोरी कड्यांतून सुर्रकन खेचली जाते, आणि फेक लांब जाते. पूर्वी याला टॉर्पेडो टेपर असंही म्हणत. नावावरूनच कळतं, माणसाला आता अलगदपणापेक्षा अंतर हवं होतं.

आणि मग नायलॉन आलं. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या हाताखाली १९३५ साली ते तयार झालं, १९३८ साली जगापुढे आलं. युद्धानंतर दोऱ्या नायलॉनच्या होऊ लागल्या. त्या कुजत नव्हत्या. रेशमी दोरी रोज संध्याकाळी रिळावरून काढून वाळत घालावी लागे, तो त्रास गेला. पण एक घोटाळा झाला. नायलॉन रेशमापेक्षा हलकं. डब्यावर तेच ‘एच डी एच’, जाडी तीच, पण वजन कमी. काठी तर वजनाने वाकते, जाडीने नव्हे. पुढे १९५०च्या दशकात विणलेल्या गाभ्यावर पी.व्ही.सी.चा लेप देऊन दोऱ्या बनू लागल्या. गाभा एकसारखा आणि लेप यंत्राने हवा तिथे जाड, हवा तिथे पातळ. आता तर जाडीवरून वजनाचा अंदाजच येईना. माणूस वर्षानुवर्षं ज्या अक्षरावर विश्वास ठेवत आला, ते अक्षर खोटं बोलू लागलं.

इथे आम्हाला आमचा जुना वर्ग आठवतो. न्यायदर्शनात ‘प्रमाण’ म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणं आम्ही पोरांकडून पाठ करून घ्यायचो. आणि आपल्या रोजच्या मराठीत प्रमाण म्हणजे माप, मर्यादा, बेत. ‘मीठ प्रमाणात घाल’ असं आई म्हणते. एकाच शब्दात दोन्ही अर्थ आहेत, आणि ते उगाच नाहीत. माप हे ज्ञानाचं साधनच असतं, पण ते एका गोष्टीला टेकून दुसरीचा अंदाज देतं. आपण जाडी मोजत होतो, हवं होतं वजन. रेशीम होतं तोवर दोघांची जोडी पक्की होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माल बदलला, जोडी तुटली, आणि आकडा मागे उरला. जुना आकडा चुकीचा नव्हता. तो ज्यावर उभा होता ती जमीन सरकली होती.

मग १९६१ साली अमेरिकेतल्या मासेमारीच्या साहित्याच्या उत्पादकांच्या संघटनेने नवं प्रमाण ठरवलं. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन करायचं, टोकाचा एकसारखा तुकडा सोडून. वजन ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, जशी आपली सोनाराची गुंज. १४० ग्रेन म्हणजे पाच नंबर, १६० म्हणजे सहा, २१० म्हणजे आठ. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट भरतात जेमतेम ९ ग्रॅम, आज सोनार ज्याला तोळा म्हणतो त्याहूनही कमी. एवढ्याशा वजनावर सगळा खेळ. हेच प्रमाण आजही चालतं. पण गंमत बघा. काठ्या पुढे कार्बनच्या, ताठ होत गेल्या, तशा कित्येक कंपन्या ठरल्यापेक्षा अर्धा-एक नंबर जड दोरी बनवू लागल्या आणि डब्यावर आकडा तोच ठेवू लागल्या. म्हणजे माप पुन्हा सरकू लागलं. जाणकार आज दोरी घरी आणून काट्यावर ठेवतात.

आता भाच्याचं उत्तर. आम्ही त्याला सांगितलं ते असं. डबल टेपर आणि वेट फॉरवर्ड एकाच नंबरचे असतील तर पहिल्या तीस फुटांचं वजन सारखंच. म्हणजे तू जर ओढ्यावर, झाडीत, तीस फुटांच्या आतच टाकणार असशील तर दोन्हींत फारसा फरक नाही, आणि डबल टेपर दोनदा वापरता येईल म्हणून स्वस्त. पाण्यावर पडलेली दोरी प्रवाहात उचलून फिरवायची असेल तर मागेपर्यंत वजन असलेला डबल टेपर हात चांगला देतो. मागे झाडी असेल आणि दोरी मागे न नेता नुसती पुढे लोळवून टाकायची असेल तरीही तोच. वारा असेल, तलाव मोठा असेल, माशी जड असेल तर वेट फॉरवर्ड. त्याचं जाड डोकं साधारण ३० ते ४० फूट असतं, मागे पातळ दोरी. लांब जाते, पण डोकं एकदा काठीबाहेर गेलं की मागच्या पातळ दोरीतून पुढच्या जाड दोरीवर हुकमत राहत नाही. या दोघांच्या मधलाही एक प्रकार आहे. ली वुल्फने १९८०च्या दशकात आणलेला त्रिकोणी टेपर टोकापासून साधारण चाळीस फूट सतत जाड होत जातो, त्यामुळे प्रत्येक बारीक भाग आपल्या मागच्या जाड भागाकडून जोर घेतो.

आणि शेवटचं, सर्वात महत्त्वाचं. डब्यावरच्या नावापेक्षा पुढचं टोक किती लांबवर निमुळतं होत गेलंय ते बघ. लांब निमुळतं असेल तर माशी अलगद पडेल, पण वाऱ्यात हरेल. आखूड असेल तर जड माशीही उलटून सरळ जाईल, पण पाण्यावर आवाज करेल. अलगदपणा आणि पोहोच ह्या दोन्ही गोष्टी पुरेपूर देणारी दोरी पाचशे वर्षांत कुणाला करता आली नाही. तेव्हा दोरीला विचारू नकोस, आधी नदीला विचार. भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्ही दोन मिनिटांत सांगू शकला असता.’ खरंय ते.

आपल्या देशात ही काठी-दोरी साहेबाबरोबर आली. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचं भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक १८७३चं. त्यांचा लाडका मासा महसीर. आपल्या उष्ण, दमट हवेत जवसाच्या तेलाचा लेप चिकट होतो, तेव्हा ती रेशमी दोरी इथे सांभाळणं म्हणजे लोणच्याची बरणी सांभाळण्यासारखंच. मुंबईत १८९१ साली बांधलेल्या पवई तलावावर गळवाल्यांची संघटना आजही आहे. आणि एक गोष्ट अभिमानाची. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७०च्या सुमारास महसीरची पिल्लं कृत्रिम रीतीने वाढवायला सुरुवात झाली. त्यामागे मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांची मेहनत होती. मासा धरण्याच्या शौकातून मासा वाचवण्याची विद्या निघाली. गळवाला मासा धरतो, मोजतो, आणि मनात आलं तर सोडूनही देतो. त्याच्या टेपरची चूक झाली तर काय होतं? मासा मिळत नाही. एवढंच.

आपल्या किनाऱ्यावर टेपरची चूक अशी एवढ्यावर भागत नाही. आता तिथे येऊ.

डोल जाळं समोरच्या मंडळींना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. सौराष्ट्रापासून रायगडपर्यंत चालणारं हे जाळं म्हणजे एक लांबलचक निमुळती पिशवी. तोंड प्रवाहाकडे करून खुंटांना किंवा नांगरांना बांधायचं. भरती-ओहोटीचं पाणी तोंडातून शिरतं, शेपटाकडून निघून जातं, आणि पाण्याबरोबर आलेला बोंबील, मांदेली, करंदी, जवळा शेवटच्या भागात, म्हणजे खोल्यात, साठतो. इथे माणूस काही फेकत नाही, समुद्रच जोर लावतो. पण रचना पाहा: तोंडाशी आस मोठे, मग मध्यम, मग लहान, आणि खोल्याशी अगदी बारीक. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. कॉटन सात केसांवरून दोन केसांवर आला, तसा आपला माणूस टप्प्याटप्प्याने आस कमी करत शेपटापर्यंत येतो. तोंडाशी मोठे आस का? कारण तिथे बारीक विणलं तर पाण्याचा दाब सहन होणार नाही, जाळं फाटेल. शेवटी बारीक का? कारण तिथे मासा थांबायला हवा. हासुद्धा टेपरच. जोर कुठे सोडून द्यायचा आणि काय कुठे धरून ठेवायचं, हाच तो प्रश्न.

पूर्वी ही जाळी सुताची आणि तागाची. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ती टिकवायची, सारखी वाळवायची. भिजलं की सूत जड, आणि ते कुजतं. म्हणून बारीक विणीचं, लांबलचक जाळं ठेवणं म्हणजे कायमचं काम. त्या कष्टातच एक मर्यादा दडलेली होती, कुणी कायदा न करता. मग भाच्याच्या दोरीत जे नायलॉन शिरलं तेच १९५०-६०च्या सुमारास आपल्या जाळ्यांत शिरलं. कुजत नाही, हलकं, बारीक आणि मजबूत. कोळ्याच्या घरातल्या बायका-पुरुषांचा केवढा त्रास वाचला, तो वाचायलाच हवा होता. मागाहून यंत्राच्या होड्या आल्या. पण माल बदलला की जुनी जोडी तुटते, हे आपण आत्ताच पाहिलं. बारीक आसाचं जाळं वापरणं आता कष्टाचं राहिलं नाही. कष्टाने आपोआप घातलेली मर्यादा गेली, आणि तिच्या जागी आपणहून घालायची मर्यादा आपण वेळेवर ठरवली नाही.

ती ठरवणं सोपं नाही हे आम्ही मानतो. पूर्ण वाढलेला जवळा असतो दोन-चार सेंटिमीटरचा. तो हवा असेल तर खोल्याचे आस बारीकच हवेत. पण त्याच पाण्यात पापलेटचं पिल्लू असतं, आणि ते जवळ्याहून मोठं. जवळा थांबेल अशा आसातून पापलेटचं पिल्लू सुटणार कसं? म्हणजे एकाच डोळ्याने एकाला धर म्हणायचं आणि दुसऱ्याला सोड म्हणायचं, हे आसाच्या मापाने जमत नाही. जवळा ही काही चैनीची वस्तू नाही. पावसाळ्यात कित्येक घरांची आमटी त्याच्यावर होते, आणि किनाऱ्यावर वाळवलेला जवळा विकून बायकांनी संसार चालवले आहेत.

शासनाने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. २०२३ साली ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. त्याहून लहान मासा धरू नये, विकू नये. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. आता याकडे आपल्या दोरीच्या इतिहासाच्या नजरेने पाहा. जाळं मोजून भागेना, म्हणून मासा मोजायला घेतला. जाडी सोडून वजनाकडे गेले, तसंच हे. पाऊल बरोबर आहे, कारण आपल्याला हवा होता तो मासाच, आस नव्हे. आता माप हव्या त्या गोष्टीवर आलं.

पण एक फरक आहे, आणि आज इथे येण्याचं खरं कारण तो आहे. दोरीचं वजन फेकण्याआधी करता येतं. डोलीतला मासा मोजता येतो तो खोला सोडल्यावर. तोवर पाण्याच्या दाबाने तो बहुधा मेलेला असतो. पट्टी लावून बारा सेंटिमीटर भरला म्हणून त्याला समुद्रात परत टाकलं तर समुद्राला पापलेट मिळत नाही, मढं मिळतं. बंदरावर तपासणी करून दंड करता येईल, आणि तो करावाच, पण पिल्लू वाचवायचं माप ते नव्हे. पिल्लू वाचतं ते जाळं कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या खोल्याने लावायचं हे किनाऱ्यावर ठरतं तेव्हा. जवळ्याचा खोला वेगळा, बोंबलाचा वेगळा, आणि पिल्लांचा महिना असेल तेव्हा बारीक खोला घरी. डोलीचा खोला बदलता येतो, हे इथे बसलेल्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पापलेटची पिल्लं कोणत्या पाण्यात कधी येतात हेही कागदापेक्षा त्यांनाच आधी कळतं. ते ज्ञान प्रत्यक्ष प्रमाण आहे. ते विचारून नियम झाला तर पाळला जाईल, न विचारता झाला तर डब्यावरच्या आकड्यासारखा होईल: लिहिलेला एक, आत दुसराच.

कुणी म्हणेल, मी मोठा खोला लावला आणि शेजाऱ्याने बारीक, तर माझं पोर उपाशी आणि पिल्लू त्याच्या टोपलीत. हा आक्षेप खरा आहे. आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकवताना असली उदाहरणं परदेशी पुस्तकातून द्यायचो, आणि ती चार कोसांवर खुंटाला बांधलेली होती. म्हणून टेपरची ही निवड एकट्याने करायची नाही. भाच्याची दोरी त्याची एकट्याची, चुकली तर त्याचा दिवस फुकट. डोलीचं शेपूट सगळ्या बंदराचं. एका पाण्यातल्या सगळ्यांनी एका दिवशी बसून ठरवलं तरच ते ठरतं. आपल्याकडे गावकी आहे, सहकारी संस्था आहेत, आणि समुद्रात खुंट कुणाचा कुठे हे पिढ्यानपिढ्या बोलून ठरवलेलं आहे. जागा ठरवता आली, तर आसही ठरवता येईल.

शीर्षकात आम्ही विचारलं, दोरीचं टोक किती बारीक असावं? पाचशे वर्षांचं उत्तर असं आहे की ते टोकाला काय करायचं आहे त्यावर ठरतं, आणि ते टाकण्याआधी ठरवायचं असतं. एकदा दोरी हवेत गेली, एकदा भरतीचं पाणी तोंडात शिरलं, की पुढचं सगळं टेपर करतो. आपला हात तिथवर पोहोचत नाही.

वेळ संपली आहे. भाच्याने शेवटी वेट फॉरवर्ड घेतला, कारण त्याच्या तलावावर वारा फार. आता बोलायची पाळी तुमची. मागे पाचूबंदरची मंडळी बसली आहेत, पहिला प्रश्न त्यांचा.